घटमालेवर छापलेला आकडा

गिरगावातील खोताच्या वाडीस जे नाव मिळाले ते दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थावरून, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गृहस्थाने आपल्या जमिनीचे तुकडे पाडून ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले म्हणून आज येथे लाकडी सज्जांची ती घरे दिसतात, एवढा इतिहास वाडीत राहणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असतो. परंतु मुळात खोत म्हणजे कोण, असे आताच्या पिढीतील मुलास विचारले तर ते एक आडनाव आहे, यापलीकडे त्यास काही सांगता येत नाही. कोकणातील खोत हा रयत आणि सरकार यांच्या मधला इसम होता. रयतेकडून पीकपाण्याप्रमाणे कमीअधिक वसूल करावयाचा, सरकारात मात्र ठरलेला सारा बिनचूक भरावयाचा, आणि मधली तफावत आपल्या पदरात ठेवावयाची, असा त्याचा वहिवाटीने चालत आलेला हक्क. १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने तो हक्क गेला. या खोताची मला अलीकडे पुन्हा आठवण झाली ती एका खेळण्यातल्या विमानामुळे. खेळण्यातले म्हटलेले त्याच्या मालकास आवडत नाही, म्हणून प्रतिकृती-विमान म्हणू.

माझ्या शेजारच्या घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने गेल्या पावसाळ्यात, मुंबईत उडवाउडवी बंद असते त्या चार महिन्यांत, सज्जातच बाल्सा लाकडाचे सुमारे पाच फूट पंखाचे विमान बांधून काढले. इंजिन बसले, पंखांवर कापड चढले, आणि शेवटी तो लॅमिंग्टन रोडवर रिसीव्हरची बॅटरी आणावयास गेला, तेव्हा तीन दुकानांत तीन मते घेऊन परतला. एक म्हणे चार सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक पुरे. दुसरा म्हणे सहा व्होल्टशिवाय हात लावू नका. तिसरा म्हणे आता सगळे लिपोच वापरतात. "काका, यातलं खरं कोणाचं?" असे त्याने मला विचारले. तिघांचेही खरे, पण तिघांपैकी एकानेही तुझे विमान पाहिलेले नाही, असे उत्तर मी त्यास दिले आणि त्याची फोड करून सांगताना जे बोललो, तेच येथे जरा विस्ताराने मांडत आहे.

गिरगाव आणि विमान यांचा संबंध निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव कोणीतरी काढतोच. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी मनुष्यविरहित विमान उडविले, ही कथा आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तिला विश्वसनीय असा समकालीन पुरावा मात्र नाही, आणि पुराव्यावाचून अभिमान बाळगावयाची मला सवय नाही. आजच्या मुलास तर चौपाटीवर विमान उडविण्याची मुभाच नाही: ड्रोन नियम, २०२१ आहेत, विमानतळाच्या भोवतीचे निर्बंध आहेत, आणि मुंबई पोलिसांचे मनाई-हुकूम वेळोवेळी निघत असतात. तेव्हा विमान वाडीत बांधावयाचे आणि परवानगी असेल तेथे, शहराबाहेर, उडवावयाचे, असा रिवाज आहे.

आता मूळ प्रश्न. रिसीव्हरची बॅटरी हे नावच प्रथम फसवे आहे. जमिनीवरून येणारा रेडिओ-संदेश ग्रहण करणारा रिसीव्हर हा अत्यंत मितभुक्त प्राणी आहे. त्यास काही दशक मिलिअँपिअर प्रवाह पुरतो, आणि त्याच्या पोटातील सूक्ष्म मंडले बहुधा ३.३ व्होल्टवर चालतात. खरे खाणारे निराळेच असतात. पंखांवरील एलेरॉन, शेपटीवरील एलिव्हेटर, सुकाणू आणि इंजिनाचा थ्रॉटल यांस हलविणारे जे सर्व्हो, म्हणजे दातेरी चक्रांसह डबीत बसविलेले छोटे विद्युत्‌यंत्र, ते याच घटमालेच्या, म्हणजे बॅटरीच्या, पंक्तीला बसलेले असतात. एकेक सर्व्हो निवांत असताना जवळजवळ काहीच मागत नाही, हलताना थोडे मागतो, आणि वाऱ्याच्या दाबाखाली अडला म्हणजे एकदम एक अँपिअर, मोठा डिजिटल असल्यास दोन-अडीच अँपिअरही ओढून घेतो. यास्तव घटमालेची निवड सर्व्होकडे पाहून करावयाची असते.

४.८ हा आकडा काही ब्रह्मदेवाने लिहून ठेवलेला नाही. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी रेडिओवर चालणारे प्रतिकृती-विमान उडविले, त्या काळी रिसीव्हरमध्ये काचेची व्हॉल्व्ह असे. १९३८ मध्ये रेथिऑन कंपनीने याच छंदासाठी आरके-६१ नावाची जी व्हॉल्व्ह बाजारात आणली तिच्या तंतूस दीड व्होल्टच्या आतबाहेर आणि पट्टिकेस पंचेचाळीस व्होल्टच्या आसपास दाब लागे, म्हणजे विमानास दोन भिन्न घटमाला वाहून न्याव्या लागत. पुढे ट्रान्झिस्टर आला, पट्टिकेचे ओझे गेले, आणि निकेल-कॅडमियमचे पुन्हा पुन्हा भरता येणारे घट हाती आले. अशा एका घटाचा नाममात्र विद्युद्दाब १.२ व्होल्ट. चार घट एकापुढे एक जोडले की ४.८ होतात, आणि चार घट पोटात सहज मावतात. त्यावरून सर्व्होवाल्यांनी सर्व्हो केले, सर्व्हो तसे झाले म्हणून घटमाला तशा झाल्या, आणि काही दशकांत ही तडजोड कायद्यासारखी दिसू लागली.

पण घटमालेवर छापलेला आकडा आणि रिसीव्हरच्या दाराशी प्रत्यक्ष पोहोचणारा विद्युद्दाब या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि विमाने पडतात ती या दोहोंतील अंतरात पडतात. ज्याने गिरगावातील वरच्या मजल्यावर दिवस काढले त्यास हे निराळे समजावून द्यावे लागू नये. पहाटे पाणी आले, खालच्या सर्व बिऱ्हाडांचे नळ बंद असले, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरही धार जोरकस पडते आणि नवा भाडेकरू समाधान पावतो. पण सहा वाजता खाली चार बादल्या एकदम लागल्या की वरचा नळ फक्त फुसफुस करतो. पालिकेने दाब कमी केलेला नसतो. नळ तेच, पाणी तेच. अरुंद नळीतून एकाच वेळी पुष्कळ पाणी जाऊ लागले म्हणून दाब वाटेतच खर्ची पडतो.

घटमालेचेही असेच. प्रत्येक घटास स्वतःचा अंतर्गत रोध असतो. त्याच्या पुढे बारीक तार, तिच्या पुढे चालू-बंद करण्याची कळ, तिच्या पुढे प्लग, आणि घट डबीत नुसते बसविलेले असतील तर त्यांच्या टोकांशी असलेल्या स्प्रिंगा. हा सगळा रोध मिळून ०.२ ओम धरला, तर तो फार नव्हे. सहा सर्व्हो एकाच क्षणी अडले आणि प्रत्येकाने एक अँपिअर मागितला, तर सहा गुणिले ०.२, म्हणजे १.२ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात, आणि ४.८ ऐवजी रिसीव्हरच्या वाट्यास ३.६ येतात. घट अर्धे वापरलेले असले, किंवा डिसेंबरची पहाट असली, तर त्याहूनही कमी.

पूर्वीच्या पद्धतीचे रिसीव्हर हा आघात काहीसा सोसत. दाब खाली गेला की सर्व्हो क्षणभर थरथरत आणि दाब परतला की कामावर रुजू होत. आजचे २.४ गिगाहर्ट्‌झवरील रिसीव्हर, ज्या पट्ट्यास भारतात २००५ मध्ये परवान्यातून मोकळीक मिळाली आणि ज्यामुळे या छंदास सुकाळ आला, ते मात्र लहानसे संगणकच असतात. साडेतीन व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली दाब गेला की त्यांची शुद्ध हरपते, आणि दाब पूर्ववत झाला तरी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, प्रेषकाचा शोध घेतात, ओळख पटवितात. यास एखाद-दोन सेकंद लागतात. आरंभीच्या काही संचांस त्याहून अधिक लागत. ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने जाणारे विमान दोन सेकंदांत चाळीस मीटर जाते, आणि सर्व सर्व्हो एकदम अडतात ती वेळ साहजिकच विमान सूर मारून वर खेचले जात असतानाची, म्हणजे जमीन जवळ असतानाची असते. नंतर मोडके विमान उचलून बॅटरी तपासावी तर मीटर निरागसपणे ४.९ दाखवितो, आणि मग दोष रेडिओच्या माथी मारला जातो. मी स्वतः एक विमान असे गमावले आहे आणि पुढे वर्षभर त्या बिचाऱ्या रेडिओची निंदा केली आहे.

म्हणून पाचव्या घटाचा आग्रह. पाच घटांचे सहा व्होल्ट. अडलेले सर्व्हो वाढत्या दाबाबरोबर जास्त प्रवाह ओढतात हे गृहीत धरून सहाऐवजी साडेसात अँपिअर आणि ०.२२५ ओम रोध धरला, तरी दाराशी ४.३ व्होल्ट उरतात, जे रिसीव्हर शुद्धीवर राहण्यास पुरेसे आहेत. याहून महत्त्वाचा मुद्दा असा की माळेतील एखादा घट मृत झाला, आणि जुन्या घटांत हे होते, तर चार घटांची माळ ३.६ वर येते आणि पाच घटांची ४.८ वर. पहिल्या प्रसंगी विमान जाते. दुसऱ्या प्रसंगी उडविणाऱ्यास कळतही नाही आणि तो घरी जाऊन चहा घेतो.

पाचव्या घटाची दुसरी बाजू सर्व्होच्या हिशेबात येते. फुताबा या जपानी कारखान्याचा एस३००३ हा पिढ्यानपिढ्या वापरलेला साधा सर्व्हो घेतला, तर त्याच्या कागदावर ४.८ व्होल्टला ३.२ किलोग्रॅम-सेंटिमीटर बळ आणि साठ अंश फिरण्यास ०.२३ सेकंद, आणि ६ व्होल्टला ४.१ बळ व ०.१९ सेकंद, असे आकडे आहेत. दाब सव्वापट झाला, बळही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढले, गतीही वाढली. पण प्रवाह सव्वापट आणि दाब सव्वापट मिळून अडलेल्या सर्व्होच्या पोटात निर्माण होणारी उष्णता दीडपटीहून अधिक होते. प्रवाह वाढल्याने घटमालाही अधिक लवकर रिकामी होते. येथे एक बारकावा नवख्यांना हटकून चकवितो. सर्व्होवर '४.८ ते ६' असे छापलेले असते आणि पाच घटांची ताजी भरलेली माळ मीटरवर सात व्होल्ट दाखविते. मग मुलगा घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. निकेलचा घट भरल्याबरोबर १.४ ते १.४५ व्होल्ट दाखवितो आणि थोडे काम पडताच खाली उतरतो. छापणाऱ्याने हे ध्यानात घेऊनच घटमालेचे नाममात्र नाव लिहिलेले असते. अपवाद हेलिकॉप्टरच्या शेपटीवर बसविण्याच्या काही जुन्या जलद सर्व्होंचा. त्यांस पाच घट सोसत नाहीत, आणि त्यांच्या कागदावर तसे स्पष्ट असते.

लिथियमच्या घटांनी मात्र हा सुखाचा संसार विस्कटला. लिथियम-पॉलिमर, म्हणजे दुकानदाराचे लिपो, याचा एक घट नाममात्र ३.७ आणि पूर्ण भरला असता ४.२ व्होल्टचा. एक घट कमी पडतो आणि दोन घट ८.४ होतात, सहा व्होल्टपुरत्या सर्व्होस ते थेट देणे म्हणजे तो जाळणे. दुसरा लिथियम-लोह-फॉस्फेटचा घट, ज्याचे रसायन जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९० नंतरच्या दशकात टेक्सास येथे पुढे आणले. तो नाममात्र ३.३ व्होल्टचा, आणि दोन मिळून ६.६. भरल्याबरोबर ७.२ दाखवून तो लवकरच ६.६ च्या आसपास येऊन बसतो, म्हणजे वागणुकीने पाच निकेल घटांचा सख्खा भाऊ. पण अंतर्गत रोध अल्प, आणि कपाटात महिनोन्‌महिने ठेवला तरी तो फारसा रिता होत नाही. माझी स्वतःची पसंती यास आहे. एक खोड मात्र आहे: त्याचा दाब शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कड्यावरून कोसळतो, त्यामुळे मीटर लावून किती शिल्लक आहे हे कळत नाही. प्रत्येक दिवसाच्या उड्डाणानंतर चार्जरने किती मिलिअँपिअर-तास परत भरले याची वहीत नोंद ठेवावी लागते. जमाखर्चाची ज्यास सवय नाही त्याने या घटाच्या वाटेस जाऊ नये.

लिपो वापरावयाचाच, आणि सर्व्हो मात्र साधेच, असा हट्ट असल्यास मध्ये एक इसम नेमावा लागतो, आणि येथे आमचा खोत परत येतो. या छंदातील लोक त्यास बीईसी म्हणतात. घटमाला ८.४ देवो की ७ देवो, तो पुढे ठरलेले पाच किंवा सहा व्होल्टच भरतो, आणि मधली तफावत आपल्यापाशी ठेवतो. जुन्या पद्धतीचा रेषीय बीईसी ही तफावत उष्णतेच्या रूपाने पचवितो: ८.४ घेऊन ५ द्यावयाचे आणि दोन अँपिअर प्रवाह, तर ३.४ गुणिले २, म्हणजे ६.८ वॅट त्याच्या अंगावर. नखाएवढ्या तुकड्याने इतके पचविले तर तो भाजून निघतो, आणि फार तापला की स्वतःस बंद करून घेतो. रयत आणि सरकार दोन्ही उपाशी. नव्या पद्धतीचा स्विचिंग बीईसी याहून प्रामाणिक आहे. ऐंशी-नव्वद टक्के तो पुढे पोहोचवितो. विजेवर चालणाऱ्या विमानांत मुख्य घटमालेवरून सर्व्हो पोसावयाचे असतात, तेथे याला पर्याय नाही. पण इंजिनाच्या विमानात, जेथे रिसीव्हरची घटमाला स्वतंत्रच आहे, तेथे बिघडू शकणारा एक मध्यस्थ केवळ फॅशनपायी नेमावा, हे मला पटत नाही. अलीकडे ८.४ व्होल्टपर्यंत सोसणारे उच्च दाबाचे सर्व्हो मिळतात. मोठ्या विमानास तेच घ्यावेत आणि दोन लिथियम घट थेट जोडावेत, खोताचे कामच उरत नाही.

लिपोबद्दल माझा दुसरा आक्षेप वाडीतील रहिवाशाचा आहे. ही घरे लाकडाची आहेत: जिने लाकडाचे, सज्जे लाकडाचे, आणि शंभर वर्षे वाळलेले लाकूड. लिथियमचा घट जास्त भरला गेला, किंवा पडल्यामुळे त्याच्या आतील पापुद्रा फाटला, तर तो पेट घेतो. म्हणून आमच्याकडे लिपो भरावयाचा तो फरशीवर, मातीच्या कुंडीत, आणि समोर माणूस बसलेला असतानाच. लोह-फॉस्फेटचा घट यापेक्षा पुष्कळ शांत. पण चार्जरवर त्याचे नाव न निवडता लिपोचे निवडले, तर ३.६ व्होल्टवर थांबावयाचे ते ४.२ पर्यंत जाते आणि घट खराब होतो. ही चूक हटकून रात्री, झोपेच्या भरात होते.

समुद्राची खारी हवा हा आमचा तिसरा शत्रू. चौपाटी पायी दहा मिनिटांवर. एका पावसाळ्यात प्लगांच्या पितळेवर हिरवट थर चढतो, कळीतील पत्रे काळवंडतात, आणि जो रोध ०.१ ओम होता तो दुप्पट होतो. पुण्याच्या छांदिष्टास ज्या कळीने दहा वर्षे साथ दिली, ती मुंबईत दोन पावसाळ्यांनंतर बदलावी असे मी म्हणतो, आणि तो हसतो.

तर मुलास मी एवढेच केले की त्याची सर्व सामग्री टेबलावर मांडली. पाच साधे सर्व्हो, रिसीव्हर, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली प्लॅस्टिकची डबी, जीत चार निकेल घट नुसते दाबून बसविलेले. रिसीव्हरच्या रिकाम्या जागी मीटर लावला: स्तब्ध असताना ५.२. मग त्याने प्रेषकाच्या दोन्ही काड्या गरगर फिरविल्या, मी आणि त्याच्या वडिलांनी पंखांचे व शेपटीचे भाग हातांनी अडवून धरले, आणि मीटर ४.१ वर आला. साधा मीटर संथ असतो, क्षणिक खड्डे त्यास दिसत नाहीत. म्हणजे खरा तळ याहून खाली होता. मग पट्ट्या वेल्ड केलेली पाच घटांची माळ, जाड तार आणि नवी कळ लावून तोच प्रयोग केला: ६.५ वरून ५.७. मुलगा त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. नंतर त्याने स्वतःहून विचारले, घट तेच चार ठेवून नुसती तार आणि कळ बदलली तर? ते करून पाहिले; ४.१ चे ४.५ झाले. डबीच्या स्प्रिंगा बाकी होत्या.

त्या डबीचे काय करावे हा प्रश्न पलीकडच्या घरातील अंकलनी सोडविला. नाताळ जवळ आला होता. सज्जावर टांगावयाच्या कागदी चांदणीत त्यांनी चार बारीक दिवे घातले आणि ती डबी तिच्या मागे सुतळीने बांधून टाकली. बारा दिवसांनी दिवे जरा पिवळे पडले, तेव्हा त्यांनी डबीला टिचकी मारली आणि ते पुन्हा नीट लागले.